न भिडवलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे, आणि माझ्यात दूध कधी कुणी ओतले नाही हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्याकडे थंडी फार असते, असे कारण मी पूर्वी पुढे करीत असे. पण माझ्या मालकांच्या घरात भिंतीसुद्धा गरम असतात, त्यामुळे ते कारण काही टिकत नाही.

माझा जन्म काचेच्या भट्ट्यांच्या एका गावात झाला. स्तेपानिदा नावाच्या बाईने फिरत्या दगडावर धरून मला बारा पैलू पाडले. गार पाण्याने तिची बोटे सुजलेली असत. काम पुरे झाल्यावर तिने मला नखाने टिचकी मारली आणि शेजारणीला म्हणाली, "ऐक गं, कसा बोलतोय मेला!" तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

पुढे आम्ही सहा भावंडे रोदिओन येवग्राफोविच लुकोनिन यांच्या घरी आलो. हे सैन्याला बूट, कोट आणि गोळाबारूद पुरवणाऱ्या खात्याचे उपमंत्री. मॉस्कोबाहेर पाइनच्या झाडांत त्यांचे घर होते. दर शनिवारी दुपारी पाहुणे जमत, वाफेची अंघोळ करून लालबुंद तोंडांनी टेबलाशी बसत. खारवलेली काकडी, मासे, मशरूम असे पुढ्यात असे आणि आमचा किणकिणाट चाले. मी नेहमी मालकांच्या हातात असे. याचा मला गर्व होता, तोही सांगून टाकतो.

त्या टेबलाचा एक नियम होता. पहिला पेला भेटीचा, दुसरा एखाद्या जिवंत माणसाच्या नावाचा. हे दोन्ही एकमेकांना भिडवून, आवाज करून प्यायचे. तिसरा मात्र मेलेल्यांचा. तेव्हा सगळे उभे राहतात आणि पेल्याला पेला लावत नाहीत. हा नियम घराघरात इतका मुरलेला आहे की जिवंत माणसासाठी पेला भिडवला नाही, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

टेबलावरचे सर्वांत मोकळे हसू जनरल सावेली प्लातोनोविच द्रोझ्दोव यांचे. तरुणपणी ते आणि माझे मालक एकाच तुकडीत होते. दोघांत मिळून एक धड कोट होता म्हणे. पण युद्ध सुरू झाले, खात्याच्या मंत्र्यांची खुर्ची डळमळू लागली आणि त्या खुर्चीकडे हे दोघेही बघू लागले. द्रोझ्दोव आघाडीवर गेले. तिथे त्यांनी बूट पाहिले. पहिल्याच चिखलात तळवे सुटत होते. त्यांनी तसे सरळ वर लिहून कळवले. वर म्हणजे कोण, हे आमच्याकडे कुणी नावाने सांगत नाही, नुसते छताकडे बघतात.

आता तो शनिवार. सकाळी मालकांना वर बोलावले होते. सगळ्या मॉस्कोला ते कळले होते. मात्र त्यांना तीन तास बाकावर बसवून, कुणीही न भेटता परत पाठवले, हे फक्त मला कळले. कारण घरी येताच त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन मला भरले, एकट्याने एका घोटात रिकामे केले आणि तसेच भिंतीला टेकून उभे राहिले.

मग पाहुणे आले. रेल्वेचे अर्काडी मोदेस्तोविच आले. किरिल वेनियामिनोविच आले. ते ज्या खात्यात आहेत त्याचे नाव घेताना माणसे आवाज खाली आणतात. आणि द्रोझ्दोवांच्या पत्नी तैसिया आल्या. त्या या घरच्याच असल्यासारख्या, मालकांना एकेरी हाक मारणाऱ्या.

पहिला पेला झाला. दुसऱ्याला अर्काडी म्हणाले, "आपल्या सावेलीसाठी! आपण इथे शेकतोय आणि तो तिकडे गारठतोय!"

चार हात पुढे येणार, तेवढ्यात माझे मालक खुर्ची सरकवून उठले. मला सरळ ओठांशी नेले आणि न भिडवता रिकामे केले.

मित्रांनो, ती चूक होती. नुसती मोजण्यातली चूक! स्वयंपाकघरातला एक त्यांच्या हाताने मोजला होता. माझ्या लेखी तो तिसरा होता, टेबलाच्या लेखी दुसरा. पण टेबलावरच्या माणसांना ते काय ठाऊक? सकाळी वर जाऊन आलेला माणूस द्रोझ्दोवांसाठी उभा राहून मुकाट प्यायला, एवढेच त्यांनी पाहिले.

अर्काडींनी पुढे केलेला हात मागे घेतला. किरिल हळूच उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले आणि एकही आवाज न होता प्यायले.

"काय झालं त्याला?" तैसियाने विचारले.

"बसा हो, बसा," किरिल म्हणाले. "काकडी घ्या. छान मुरलीय यंदा."

मालकांनी ताटाकडे पाहिले, मग सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले, आणि आपली चूक त्यांना कळली. त्यांच्या मुठीत होतो, म्हणून मला तो झटका जाणवला. 'अरे, मोजायला चुकलो' म्हटले असते तर सगळे खो खो हसले असते. त्यांनी तोंड उघडलेसुद्धा. मग मिटले आणि मशरूमची बशी पुढे सरकवली.

तैसियाने अंगणात जाऊन नवऱ्याला फोन लावला. ते मजेत होते, लापशी खात होते. ती रडत हसत आत आली. पण सोमवारपासून द्रोझ्दोवांच्या तुकड्यांसाठीच्या मालगाड्या रुळांवरच थांबू लागल्या. त्यांचे फोन कुणी उचलेना. वरून कसलाही हुकूम आला नव्हता. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याला आला असणार. महिन्याभरात किरिलच्या माणसांनी द्रोझ्दोवांना धरून नेले. आरोप काय, तर खराब बूट त्यांनीच घेतले! माझे मालक मंत्री झाले.

तैसिया पुन्हा एकदाच आली, खटल्याच्या आदल्या दिवशी. टेबलाशी मालक एकटेच होते.

"रोदिओन, किरिलला एवढंच सांग की तू मोजायला चुकलास. हसतील तुला, हसू देत. अजूनही सोडतील त्याला."

"तिसराच होता तो, तैसिया."

"दोनच झाले होते."

"तुझी मोजणी चुकली असेल."

"नाही चुकली." ती उभीच होती, हातमोजे पिळत. "मला पक्कं माहीत होतं दुसराच आहे म्हणून. माझा हात पुढेसुद्धा आला होता, रोदिओन. तुम्हा सगळ्यांकडे बघून मी तो मागे घेतला. आणि न भिडवता प्यायले. माझ्याच नवऱ्यासाठी."

ती गेली. द्रोझ्दोवांना अकरा वर्षांची शिक्षा झाली.

आता मी कपाटात मागच्या रांगेत असतो. मालक मला हात लावत नाहीत. शनिवार अजून होतात, पण द्रोझ्दोवांचे नाव जिवंतांच्या पेल्याला निघत नाही आणि मेलेल्यांच्याही निघत नाही. माझी भावंडे मला म्हणतात, तू काय करणार होतास, तुला हात का आहेत? खरे आहे. तरी त्या दिवशी खरा आकडा ठाऊक असलेल्यांपैकी मी एक होतो, आणि मला आठवले की लाज वाटते.

मला जपा, धुऊनपुसून ठेवा, असे मी मागणार नाही. तुमच्या घरी दूध असेल, सरबत असेल, जे असेल ते चालेल. एकदा सावेली प्लातोनोविच असे नाव घ्या आणि पेल्याला पेला भिडवा. चांगला आवाज होऊ द्या. तो माणूस अजून जिवंत आहे.