सव्वादोनची बांगडी

"फुंकरबाबा की जय!" बीबी गावच्या बाजारात दीड-दोनशे माणसं ओरडली आणि माझ्या बायकोच्या, करिष्माच्या, वाढलेल्या हातात तिचीच जुनी हिरवी बांगडी सरकन गेली. पाच गुरुवारांपूर्वी ती बोटांच्या पेरांवरच अडली होती. बाबांनी ती ठेवून घेतली, मंतरली आणि आज परत दिली.

"पाह्यलं? हाडं वितळून राह्यली! आता सुया बंद. सुई आन् देव एका अंगात नांदत नाही!" बाबा गरजले.

शाळेत विज्ञान शिकवणारा मी हात जोडून उभा होतो.

करिष्माच्या मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ होती. ती वाढीचं संप्रेरक जास्त सोडायची, म्हणून हात, पाय, जबडा वाढत गेला. ऑपरेशननंतर उरलेल्या गाठीला किरणांचा शेक दिला होता. "शेक सावकाश लागू पडतो, वर्षं लागतात. तोवर दर महिन्याचं इंजेक्शन चुकवायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं.

"फोन करून विचारू न त्यायले एकदा," करिष्मा म्हणालीही.

"काई गरज नाही," मी म्हटलं. मला वाट पाहायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

इंजेक्शन बंद झालं. तीन महिन्यांत डोकेदुखी परतली, घामानं उशी भिजू लागली, साखर चढली. "रोग बाहेर पडून राह्यला," मी बाबांचंच वाक्य तिला ऐकवायचो.

मग कासारीण अन्नपूर्णाबाई दारात आली. करिष्मानं मापाला ती बांगडी दिली.

"इचा जोड कुठी हाय?"

मी डबीतून काढून दिला. तिनं मोठ्या बांगडीत लहान ठेवली. आरामात बसली.

"हे सव्वादोनची, हे अडीचची. काच काई वाढत नाही, मास्तर. बाबाचा मानूस नमुना घेऊन आलता माह्याकडं, अशीच मोठ्या मापाची मांगाले. मले काय मालूम कोनासाठी!"

करिष्मानं माझ्या खिशातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. "पोरायले मापाले शिकवता न तुमी?" एवढंच बोलली.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मधुमेहाची गोळी मात्र करिष्माच्या मागे लागली ती लागलीच.

पुढच्या गुरुवारी बाजारात मी दोन्ही बांगड्या एकीत एक घालून गर्दीला दाखवल्या. बाबा पाणी प्यायला उठले ते परतलेच नाहीत.

"मास्तर, तुमी हात जोडले म्हून आमी जोडले," म्हातारे भगवानराव म्हणाले.

"हाव, तेच सांगाले आलो. खिशात पट्टी होती, घरात जोड होता, हातात फोन होता. म्या काईच वापरलं नाही, आन् भोगलं करिष्मानं. माह्यं पाहून काई करू नका. आधी मापा, आधी इचारा. आन् डॉक्टरले इचारल्याबिगर कोनाची सुई बंद करू नका."