दोघांत दीडशे किलो

उंच इमारतीच्या काचा पुसायच्या झुल्यावर बादल्या सोडून दोन माणसांचे मिळून दीडशे किलो चालत. एक किलो जास्त झाला की झुला जागचा हलत नसे. यंत्राला भीडभाड नसते. दाजी आणि त्यांचा मेव्हणा नऊ वर्षं त्या झुल्यावर होते आणि दर सोमवारी मुकादम दोघांना एकदमच काट्यावर उभं करी.

गेल्या वर्षी दाजींच्या डोक्यात एक आवाज मुक्कामाला आला. फुकट राहायचा आणि वर हुकूम सोडायचा. डॉक्टरीणबाईंच्या गोळीनं त्यानं गाशा गुंडाळला. पण गोळीनं सोबत भूक आणली. चार महिन्यांत चौऱ्याहत्तरचे दाजी शहाऐंशीवर गेले.

काटा तरीही दीडशेवरच थांबे. दाजींना वाटलं, काटाच दयाळू आहे. मग एके दिवशी बाराव्या मजल्यावर मेव्हण्याला घेरी आली, दाजींनी त्याला कमरेला धरलं, तेव्हा हातात नुसता पट्टाच आला.

"अरे, तू जेवत नाहीस?"

"जेवतो की. निम्मं तुम्हाला देतो."

काटा दीडशेवर ठेवायला तेवढाच उपाय त्याला सुचला होता.

गच्चीवर डबा झाल्यावर दाजींनी दुपारची गोळी बादलीत टाकली. मेव्हण्यानं पाहिलं.

"हे काय, दाजी?"

"मी वजनानं उतरतो, तू जेव."

"आणि तो आवाज परत आला तर? झुल्यावर तिघं होऊ आपण. त्याचे किलो कुणाच्या नावावर घालायचे?"

संध्याकाळी दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

"तुम्हाला काय होतंय?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"मी वजन कमी करतोय."

"कुणाचं?"

"ह्यांचं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पण पहिले दोन किलो वाढले तेव्हाच यायचं होतं. गोळी काही एकच नसते. ही हळूहळू बदलू. रक्तातली साखर तपासू, खाण्याचं आहारतज्ज्ञ बघतील, रोज चालायचं. आणि तुम्ही, पोट भरून जेवायचं. स्वतःचं."

सोमवारी काटा एकशे बावन्नवर गेला. मेव्हणा बूट काढायला वाकला.

"राहू दे," दाजी म्हणाले आणि मुकादमाकडे वळले. "डोक्याच्या गोळीनं वाढलंय, साहेब. उतरेल, पण वेळ लागेल. तोवर मला खालच्या काचा द्या."

मुकादमानं वहीत दाजींच्या नावापुढे 'तळमजला' लिहिलं.

"खालच्या काचा नीट पुसा हं," तो म्हणाला. "त्या लोक बघतात."