मी वाजते, ऐकतं कोण?

मी हातोडी बोलतेय. छिन्नीच्या डोक्यावर दणके घालणारी ती थोराड हातोडी नव्हे. ती माझी चुलत बहीण, तिला मारण्यापलीकडे काही येत नाही. मी लहान, मुठीत मावणारी, पाथरवटाची दगड तपासायची हातोडी. दगडावर मला टकटक वाजवलं की मी सांगते, आतून अखंड आहे की फुटका. अखंड असेल तर खणखणीत, फुटका असेल तर बद्द. तिसरा शब्द मला येत नाही. माणसांना हजार शब्द येतात, आणि तरी खरं बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरावा लागतो.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला, मोडक्या गाडीच्या आसाच्या तुकड्यातून. मला घडवून घेणारा माणूस म्हणजे या दुकानाचा पहिला मिस्त्री. त्याने मला तीनदा परत पाठवलं. "आवाज स्वच्छ नाही," एवढंच म्हणायचा. तिसऱ्या वेळी लोहार वैतागला. "अहो, तुम्हाला हातोडी पाहिजे का घंटा?" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "दोन्ही." चौथ्या वेळी मी त्याच्या पसंतीला उतरले. तेव्हापासून माझा तोरा आहे, तो आहेच. उगाच विनय कशाला?

दुकानाची एक रीत त्याने घालून दिली. दगड कितीही देखणा असो, छिन्नी लागण्याआधी त्याला तीन ठोके पडायचे. एक या टोकाला, एक मध्ये, एक त्या टोकाला. त्या वेळी मिस्त्री डावा हात वर करायचा आणि सगळं दुकान गप्प व्हायचं. कुणी शिंकलं तरी ठोके पहिल्यापासून. गिऱ्हाइकंसुद्धा श्वास धरून उभी राहायची. मग मिस्त्री हात खाली घ्यायचा आणि निकाल सांगायचा. फुटका निघाला तर तो दगड मागच्या अंगणात जायचा, मग खाणवाला कितीही हात जोडो.

त्याचा मुलगा हाताशी आला आणि त्याने विजेवर चालणारा ग्राइंडर आणला. झालं! म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं. "हे कापणं झालं, घडवणं नाही. धंदा बुडाला समज!" अकरा दिवस तो मुलाशी बोलला नाही. टोमणे मात्र माझ्याकडे बघून मारायचा, म्हणजे मुलाला बरोबर लागायचे. बाराव्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा त्याने हळूच ग्राइंडर सुरू केला आणि एका टाकाऊ दगडाला खाचा पाडत बसला. मुलगा धावत आला. म्हातारा धुळीने पांढराफटक झालेला. "किती वाईट आहे ते बघत होतो," म्हणाला. पुढची सहा वर्षं तो रोज ते किती वाईट आहे हे बघत होता.

त्या ग्राइंडरने काम झटपट होऊ लागलं, हे मी नाकारत नाही. पण त्याचा आवाज! कानात कुणी सळई फिरवावी तसा. कानात कापसाचे बोळे घालावेत असं एकदा कुणीतरी सुचवलं. दुसरा मिस्त्री इतका हसला की त्याला ठसका लागला. "बोळे? आपण पाथरवट आहोत. आपल्याला काय होतंय?" त्याचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, तिथेच बाजूला दगडाचे तुकडे वेचत होता. त्याने बापाचं बोलणं मनावर घेतलं. बापाचं नेमकं नको तेच मनावर घ्यायचं, ही या घराण्याची खासियत आहे.

हा मुलगा म्हणजे आताचा मालक. तिशीतच त्याचं नाव झालं. त्याचा हात चांगला होताच, कान त्याहून चांगला होता. दगडात केसाएवढी चीर असली तरी तो ओळखायचा. लोक म्हणायचे, दगड याच्याशी बोलतो. बोलायचे मी, नाव दगडाचं! असो.

चाळीस वर्षं तो ग्राइंडरसमोर उघड्या कानांनी उभा राहिला. आणि चार वर्षांपूर्वी एक दिवस माझ्या लक्षात आलं की तो मला जरा जोरात आपटतोय. मग अजून जोरात. आधी मला वाटलं, माझाच आवाज बसला, वय झालं. मग एक दगड आला, अगदी बद्द. मी घसा फोडून "बद्द, बद्द, बद्द" असं तीनदा सांगितलं. मालकाने हात वर केला, डोळे मिटले, ऐकल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "खणखणीत."

अरे बाबा, तुला ऐकू येत नाही!

कुणाला कळलं नाही. कळणार कसं? पाथरवटाच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. शिवाय मालक हुशार. समोरच्याचे ओठ वाचायचा, चेहरे वाचायचा, आणि काहीच वाचता आलं नाही तर "बघू नंतर" म्हणायचा. त्या बद्द दगडाचा एका बागेत बाक झाला आणि महिन्याभरात मोडला. दोष गेला गिऱ्हाइकाच्या लठ्ठ मेव्हण्यावर. तो बिचारा आजही कुणाकडे गेला तर आधी खुर्ची हलवून बघतो म्हणे.

तेव्हा एकच माणूस कुजबुजलं होतं. मालकाची बायको. दुकानाला लागूनच तिचं स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत आणि भिंतीला खिडकी. "अहो, तो दगड बद्द वाजला होता," ती म्हणाली. मालकाने तिच्या ओठांवरून ते टिपलं आणि खेकसला, "तू तुझ्या भांड्यांत लक्ष दे." तिने दिलं.

मग आली लेक. शिकून आली, आणि संगणकावर चालणारं कोरकामाचं मशीन घेऊन आली. मालकाने अगदी आपल्या आजोबाच्या सुरात म्हटलं, "धंदा बुडाला समज!" मी मनात म्हटलं, आता अकरा दिवस मोजायचे. हा नऊ दिवसांतच मशीनशेजारी खुर्ची टाकून बसला.

मशीन वाईट नाही. अक्षरं अशी कोरतं की बघत राहावं. पण त्याला दगड आणि साबणाची वडी सारखीच. पुढ्यात ठेवलं ते कोरायचं. लेक तिथे कानांवर जाडजूड हेडफोन चढवून काम करते. बाप तिला हसतो. "गाणी ऐकतेस का काम करतेस?" ग्राइंडर आल्यापासून या घरात कान शाबूत राहिलेली पहिली पाथरवट तीच, आणि तिच्यावरच हसायचं!

लेकीला धंद्याचं डोकं मात्र आहे. तिने बापाचा व्हिडिओ काढला: पांढऱ्या मिशा, वर केलेला हात, मिटलेले डोळे आणि मी. खाली लिहिलं, 'दगडाचं ऐकणारा माणूस'. लाखो लोकांनी पाहिला. बहिऱ्या माणसाचं ऐकणं लाखो लोक ऐकत होते! मी हसू की रडू, मला कळेना.

तो व्हिडिओ पाहून एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेच्या मोठ्या दरवाजाच्या माथ्यावर लांब शिळा बसवायची होती, शाळेचं नाव कोरलेली. "आम्हाला तुमच्या वडिलांनी ऐकलेलाच दगड हवा," त्या लेकीला म्हणाल्या. "सहाशे मुलं रोज त्याखालून ये-जा करणार."

आणि इथे लेकीने ती चूक केली. तिला वाटलं, कोऱ्या दगडाला ठोके मारताना काय दाखवायचं? कोरलेली शिळा कॅमेऱ्यात शोभून दिसेल. म्हणून आधी मशीनने शिळा कोरली, सात दिवस, नाव आणि भोवती वेलबुट्टी, आणि ठोके ठेवले शेवटी. ज्या ठोक्यांवर ठरायचं की छिन्नी लावायची की नाही, ते आता समारंभाला उरले. पहिला मिस्त्री असता तर त्याने मला फेकून मारलं असतं, आणि मी आनंदाने लागले असते.

ठरलेल्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. लेकीने कॅमेरा लावला. मालक नवा सदरा घालून उभा राहिला. हात वर गेला, दुकान गप्प झालं.

पहिला ठोका, बद्द. मधला, बद्द. तिसरा, त्याहून बद्द.

मालकाने डोळे उघडले. "खणखणीत!"

मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या. ती पोरगी मशीनबरोबर वाढलेली, तिला अखंड आणि फुटक्यातला फरक कुणी शिकवलाच नव्हता. मी जीव तोडून सांगितलं होतं आणि टाळ्या वाजत होत्या. असा अपमान माझ्या शत्रूचाही होऊ नये.

तेवढ्यात मालकीणबाई ओले हात पदराला पुसत दुकानात आल्या. "थांबा. ही शिळा फुटकी आहे."

"आई, शूटिंग चालू आहे!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

मालकाला तिचा चेहरा समोर दिसत होता. "तुला दगडातलं काय कळतं?"

"दगडातलं नाही कळत. आवाजातलं कळतं. चाळीस वर्षं तुमचा पहिला ठोका पडला की मी तिकडे हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहते, तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून. तेव्हा मलाही ऐकू येतंच ना!"

"काहीतरीच!" मालक मुख्याध्यापिकांकडे वळून हसला. "बायका म्हणजे..."

मालकीणबाई त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. हातभर अंतरावर. आणि अगदी स्पष्ट, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी घर सोडून चालले. परत येणार नाही."

मालक मुख्याध्यापिकांकडे बघून हसतच होता.

त्यांचं हसू मात्र मावळलं. लेकीचा कॅमेरा खाली आला. मालकाने आधी एकीचा चेहरा वाचला, मग दुसरीचा, आणि गर्रकन वळला. "काय? काय म्हणाली ही?" त्याच्या हातात मी होते. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्याची कीव आली.

लेकीने बादलीभर पाणी आणून शिळेवर ओतलं, फडक्याने पुसलं. दगड वाळत गेला आणि एक बारीक काळी रेघ ओलीच राहिली. शाळेच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून थेट मधल्या वेलीपर्यंत.

मुख्याध्यापिका फोन करायला बाहेर गेल्या तशी लेक बापाच्या समोर आली. रडवेली झाली होती. "बाबा, चिरेत रेझिन भरू. घासून घेऊ. कुणाला कळणारसुद्धा नाही. सात दिवसांचं काम आहे!"

मालकाने तिच्या ओठांकडे बघितलं. मग मला बाकावर ठेवलं, कोपऱ्यातला घण उचलला आणि एकच घाव घातला. शिळेचे दोन तुकडे झाले. इतक्या सहज, की मलाच शहारा आला. सहाशे मुलं त्याखालून जाणार होती.

मुख्याध्यापिका धावत आत आल्या. मालक घणावर टेकून उभा होता, मान खाली. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "चालू कर ते."

"बाबा, नको."

"चालू कर म्हणतो ना!" लेकीने केलं. "मला ऐकू येत नाही," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला. "चार वर्षं झाली. लाज वाटत होती. बाक मोडला त्यात मेव्हण्याचा दोष नव्हता." मग बायकोकडे मान वळवली. "दगडाचं हिला विचारा."

हा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला नाही. चार-पाचशे जणांनी पाहिला असेल, त्यातही अर्ध्यांनी खाली विचारलं, मिशीला काय लावता? पण मुख्याध्यापिकांनी काम काढून घेतलं नाही. नवी शिळा आली. आधी ठोके पडले, मग मशीन चाललं. त्या दरवाजाखालून आता मुलं जातात, भांडतात, दप्तरं फेकतात. कुणी वर बघत नाही. बघूच नये, त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आता मी मालकीणबाईंच्या हातात असते. त्यांनी हात वर केला की लेक मशीन बंद करते आणि हेडफोन काढते. तिलाही हळूहळू फरक कळू लागलाय, परवा दहातले सात दगड बरोबर ओळखले. मालक ग्राइंडर चालवतो, कानांवर हेडफोन घालून. आता घालून काय उपयोग, असं मी म्हणणार होते, पण जाऊ दे.

एक अडचण होती. माझा दांडा पाथरवटाच्या पंजासाठी केलेला. मालकीणबाईंच्या मुठीत तो मावत नसे, संध्याकाळपर्यंत त्यांचं मनगट धरायचं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, सवयच नाही. एका सकाळी मालक नवा दांडा घेऊन आला, बारीक, हलका, घासून गुळगुळीत केलेला. मुकाट्याने जुना काढला, नवा बसवला आणि मला त्यांच्या हातात दिलं. मूठ अशी बसली की बोट कुठे अडलं नाही.

"अगंबाई! माझ्या मुठीचं माप घेतलंत तरी कधी?" त्यांनी विचारलं. अगदी त्याच्या तोंडासमोर, ओठ स्वच्छ दिसत होते.

मालकाने कानाला हात लावला, ऐकू आलं नाही अशी मान हलवली आणि ग्राइंडरकडे निघून गेला. सोंगाड्या मेला! चार वर्षं ऐकू येतंय असं सोंग केलं, आता येत नाही असं करतोय.

तर वाचकहो, माझं म्हणणं एवढंच. तुमच्या दारावर, जिन्यावर, डोक्यावर जो दगड आहे, तो बसवण्याआधी कुणीतरी ऐकला होता का, हे एकदा विचारून घ्या. मी निघते. दारात नवा दगड उतरलाय, आणि बाईंनी हात वर केलाय.