आमटी न सांडणारी जीप

हे कोणालाही खरं वाटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आणि वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खरं वाटलं की लोक गाडी मागायला येतात.

दर कार्तिकात ग्वाल्हेरची आम्ही पाच-पंचवीस मराठी घरं आवळीभोजनाला जातो. आवळ्याच्या झाडाखाली पूजा, मग पंगत. घरोघरचा स्वयंपाक एकाच गाडीतून जातो आणि ती गाडी कोणाची, हा मोठा मान. मानाचं आम्हाला सांगू नका. दोनशे वर्षांपूर्वी दरबारात कोणी कुठे बसायचं, ते आमच्यात अजून ठरतंय. तर हा मान कितीतरी वर्षं माझ्या जीपचा होता. गेल्या साली एका खड्ड्यात ती जराशी शिंकली आणि कटाची आमटी सूर्याजीरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेली. धोतर त्याच दिवशी धुतलं. सूर्याजीरावांचं तोंड मात्र अजून पिळून ठेवल्यासारखं आहे.

यंदा त्यात भर पडली. जुन्या आवळ्याच्या जागी मॅरेज गार्डन झालं आणि नवं झाड सापडलं ते थेट मुरैन्याकडच्या बीहडात, चंबळेकाठच्या घळींमध्ये. तिथला रस्ता शेळ्यांनी केलेला, आणि त्याही तो पुन्हा वापरत नाहीत. आमच्यातल्याच तरण्या दिग्विजयसिंहाने लगेच आपली नवी गाडी पुढे केली. चारी बाजूंना कॅमेरे, सीटसुद्धा गार होते. एवढं असून मागे घेताना बायकोला खाली उतरवून विचारतो, "किती जागा आहे गं?"

असल्या माणसाच्या हाती आमटी द्यायची? मी जीप बदलायची ठरवली. म्हणजे वरून तीच, खालून नवी. जीप माझी, हात माझे, पाने शेजाऱ्याचे. दाना ओलीत, आमच्या अरुंद गल्लीत, घरासमोरच तिला जॅकवर चढवली आणि जुने पाटे काढले. पाटे म्हणजे चाकांवरच्या कमानदार पोलादी पट्ट्या, सगळं ओझं त्या झेलतात. माझ्या पट्ट्यांची कमान केव्हाच उलटी झाली होती. त्यांच्या जागी उंच, दणकट पाटे बसवले, नवे शॉकअप लावले. जीप वीतभर वर उठली. टायर असे रुंद आणले की खाचेत अख्खं लिंबू बसावं. मागच्या दोन चाकांना लॉक बसवलं, म्हणजे एक चाक चिखलात गरगरत असताना दुसरं सरकारी नोकरासारखं बघत बसत नाही. हे काम भल्याभल्यांना जमत नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं, तोही तमिळ. शेवटी मूठभर नट उरले. कंपनीने जास्तीचे दिले असणार, दुसरं काय!

शामला, म्हणजे आमची सौभाग्यवती, चारी चाकांना ओवाळून गेली. स्टेपनीला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा आली. मग जीपकडे वर बघत म्हणाली, "नऊवारी नेसून हिच्यात चढायचं कसं?"

"शिडी ठेवू."

"मग जीप कशाला? मी शिडीच घेऊन जाते."

असो. कौतुक घरात सुरू होत नाही.

रविवारी किला गेटपाशी उषाताईंकडे बैठक बसली. उषाताई मंडळाच्या अध्यक्ष. त्या बोलल्या की ठरलं. दिग्विजयसिंह किल्ली बोटात फिरवत बसला होता. उषाताईंनी सरळ मलाच विचारलं, "मधुभाऊजी, यंदा आमटी सांडणार नाही कशावरून?"

"कशावरून? काल बीहडात जाऊनच आलो! बॉनेटवर आमटीचं पातेलं ठेवून. झाकणसुद्धा नाही."

"मग?"

"आमटीतली कढीपत्त्याची पानं जिथल्या तिथे."

सूर्याजीराव गुरगुरले, "पातेलं बॉनेटवर, तर पुढचं दिसत कसं होतं?"

"दिसायला कशाला हवं? वासावर गेलो."

दिग्विजयसिंह हसला. "काका, तिथले चढ पाहिलेत का?"

"चढ? भिंत म्हण, भिंत! अर्ध्यावर एक घोरपड भेटली. धापा टाकत होती बिचारी. तिला पायरीवर बसवून वर सोडली."

"घोरपडीला!"

"मग काय, हात दाखवला तिने. वर पोचलो आणि ब्रेक मारला. आता टायरांनी माती अशी धरलेली की जीप जागच्या जागी उभी, पण खालचं टेकाड पुढे सरकलं! आवळ्यासकट. काल सकाळपर्यंत ते झाड रस्त्यापासून कोसभर आत होतं. आता रस्त्याला लागून आहे."

"वा!" दिग्विजयसिंहाने किल्ली मुठीत धरली. "म्हणजे माझी गाडीही थेट झाडाखाली जाईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान हातातून चालला होता. पण असल्या वेळी घाबरणाऱ्यांनी जीप ठेवू नये.

"जाईल की," मी म्हणालो. "पण झाड नुकतंच जागा बदलून आलंय, मुळं अजून बिचकलेली. माझी जीप त्याच्या ओळखीची. तुझे सगळे कॅमेरे रोखलेले बघून ते परत आत गेलं, तर एवढ्या बायकांना उन्हात शोधायला लावणार आहेस?"

खोली हसली. सूर्याजीरावांच्या तोंडाचा पीळसुद्धा जरा सुटला. उषाताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बरं बाई, मग यंदाही मानाची गाडी..."

तेवढ्यात दारात अवंतिका. आमच्या समोरच्या घरातली, दातांची डॉक्टर. हातात हेल्मेट, घामाघूम.

"सॉरी, उशीर झाला. पैदल आले."

"का गं? स्कूटर?" उषाताईंनी विचारलं.

"स्कूटर निकलेगी कैसे? मधुकाका, आधी ती जीप हटवा! टायर बदलल्यापासून गल्लीत फसलीय. एका बाजूचे टायर तुमच्या ओट्याला, दुसऱ्या बाजूचे आमच्या. ना पुढे जाते, ना मागे."

"अगं, ते काल बीहडातून आल्यावर..."

"बीहड? कौनसा बीहड? काल दिवसभर शामलाकाकूंनी तिच्या बॉनेटवर आवळासुपारी वाळत घातली होती, मी येता-जाता खाल्ली! साफ झूठ, काका! जीप बोटभरसुद्धा हललेली नाही!"