पिसासारखी चाकं

सायकलच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. छताला दोन चाकं टांगलेली. दुकानदाराने, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या चाकबाबाने, एकाला करंगळी लावली आणि ते भिरभिरत सुटलं. दुसरं अर्ध्या फेऱ्यातच अडलं.

"बघा! पिसासारखं चाक! यावर नुसतं बसा, सायकल आपोआप पळते. पाय आपले सोबतीला!"

टाळ्या पडल्या. थोरलीने वाजवल्या नाहीत. ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. फोटोत तिची धाकटी बहीण, गळ्यात पदक, खाली 'आमच्या चाकांची कमाल'. पोहणं, सायकल, धावणं अशा त्या लांबलचक तिहेरी शर्यतीचं वेड धाकटीला लावलं थोरलीनेच. आणि आता तीच पुढे! थोरलीचा नुसता जळफळाट होत होता.

दुकानासमोर दोन सायकली होत्या. थोरलीने दोन्ही चालवल्या. हलक्या चाकांची सुसाट गेली. जड चाकांची ओढून न्यावी लागली.

"मला हीच चाकं हवीत," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईसाहेब यांच्याच जिवावर जिंकतायत."

नवरा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याने जड सायकलचं टायर दाबलं, तर अंगठा आत गेला. चाक उचलून फिरवलं, तर ब्रेक घासत होता. टांगलेल्या दुसऱ्या चाकाचा आसही करकचून आवळलेला निघाला.

"पंप द्या जरा."

"अहो सर, श्रद्धा ठेवा—"

"हवेवर ठेवतो."

हवा भरली, ब्रेक सैल केला. थोरली पुन्हा बसली. दोन्ही सायकली सारख्याच पळाल्या. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"हलक्या चाकाने वेग घ्यायला, चढ चढायला थोडी मदत होते," नवरा म्हणाला. "पण तुमची शर्यत सपाट रस्त्यावर, तासन्‌तास एकाच वेगाने. तिथे झगडा वाऱ्याशी."

"मग ती पुढे कशी जाते?"

नवऱ्याने फोटोतल्या धाकटीकडे बोट दाखवलं. थोरलीला ते झोंबलं.

तिने धाकटीला गाठलं. "चाकांची अदलाबदल करू. बाकी काही बदलायचं नाही."

धाकटीचा चेहरा उतरला, पण ती तयार झाली. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर दोघी निघाल्या. पिसासारखी चाकं आता थोरलीकडे. ती ताठ बसून कधी जीव खाऊन पायडल मारी, कधी ढिली पडे. धाकटी हँडलवर वाकून, वाऱ्याला अंग न देता, एका लयीत चालली होती. बघता बघता तिची पाठ लहान होत दिसेनाशी झाली.

थोरली पोचली तेव्हा धाकटी रस्त्याकडेला बसून रडत होती.

"काय झालं गं?"

"ताई, मला वाटायचं, ही चाकं काढली की मी पुन्हा तुझ्या मागे पडणार."

थोरलीचा जळफळाट काही विझला नाही, पण आता चाकांवर खापर फोडायची सोय राहिली नव्हती. "वाकून कशी बसतेस, दाखव," ती घुश्शातच म्हणाली.

वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर एकच करा. बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, आणि स्वतः तपासा. नाहीतर चाकबाबा तुमची मेहनतही स्वतःच्या नावावर खपवेल, आणि तुम्ही वर त्याचेच आभार मानाल.