ताड कुणाच्या वाट्याला

पास्कू आणि त्याची थोरली बहीण ज्युलियाना बापाच्या मयतीपासून एकमेकांशी बोलत नव्हती. भांडणाचं कारण आता दोघांनाही नीट आठवत नव्हतं, पण तेवढ्यासाठी कुणी चांगलं चाललेलं भांडण टाकून देत नाही. शेवटी वाटणी करायला दोघं उत्तनहून ठाण्याला कर्णिक वकिलांकडे निघाली. एकाच बैलगाडीत, पाठीला पाठ लावून.

वाटणी तशी सोपी होती. ज्युलियाना विधवा होऊन माहेरी परतलेली, तिला घर बांधायला वाडी हवी होती. पास्कूला हवी होती होडी, आणि समुद्रातली खुंटांची जागा. समुद्राच्या तळात ठोकलेल्या त्या खुंटांना त्याचा बाप आणि आजा जाळं बांधत आले होते.

"समुद्र सरकारचा," वकील म्हणाले. "तरी आपसातला करार म्हणून लिहू. जागा नेमकी कुठं?"

खुंटांची खूण बाप फक्त होडीवर येणाऱ्या मुलाला सांगतो. परक्यासमोर ती उच्चारायची नसते. इथं तर कारकूनही कान टवकारून बसला होता.

"पान्यात," तो म्हणाला.

वकिलांनी तसं लिहिलं. "आणि वाडीतली झाडं?"

वाडीत नाव घेण्यासारखं झाड एकच, आज्याच्या वेळचा उंच ताड. तो उभा राहायला हवा, हे पास्कूला ठाऊक होतं. पण बहिणीकडे काही मागायचं म्हणजे नाक कापून घेणं. आणि एवढा जुना ताड तोडणार तरी कोण?

"जिची वाडी तिची झाडं," तो तोऱ्यात म्हणाला. "मना काय करायचाय ताड?"

दोघांनी अंगठे उठवले आणि पुन्हा पाठीला पाठ लावून घरी आली.

पावसाळ्याआधी पास्कू दोर आणायला भाईंदरला गेला. परतला तेव्हा ताड आडवा झाला होता आणि सुतार त्याचे वासे काढत होते. ज्युलियानाच्या छपराला वासे हवे होते. झाड तिचंच होतं.

पावसाळा सरला, फादरनं होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि पास्कू समुद्रात गेला. चर्चचा क्रूस ताडाच्या शेंड्याआड गेला आणि उजवीकडचा खडक उघडा पडला, की होडीखाली खुंट, ही बापाची खूण. क्रूस होता, खडक होता. पास्कू रोज खुंट शोधायला दोराचा गळ पाण्यात फिरवून रिकाम्या होडीनं परत येऊ लागला. जागा अशीच पडून राहिली तर दुसरा कुणी तिथं खुंट ठोकणार, आणि मग पास्कूला दुसऱ्याच्या होडीवर राबावं लागणार, हे त्याला कळत होतं. त्याला रात्रीचं जेवण जाईना.

तो एकटाच ठाण्याला गेला. ताड खुणेचा होता, एवढंच त्यानं वकिलांना सांगितलं.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?" वकील म्हणाले.

"परक्याला सांगत न्हाय."

"मग बहिणीला तरी सांगायचं."

पास्कू उठायला लागला.

"ती परकी आहे का?" वकिलांनी विचारलं आणि पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.

संध्याकाळी पास्कू वाडीत जाऊन उभा राहिला. "बाय," तो म्हणाला. मग त्यानं खूण सांगितली, सगळी, बापानं सांगितली होती तशीच. ज्युलियानानं डोक्यावरच्या वाशांकडे पाहिलं.

"बाबानं मना कवा सांगितला न्हाय," ती म्हणाली. एवढंच बोलली, पण तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी पास्कूनं होडीतून मागं वळून पाहिलं. ताडाच्या जागी एक लांबच लांब बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला ज्युलियानाचं लग्नातलं लाल लुगडं फडफडत होतं. वाऱ्यानं बांबू कलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा; खाली कुणीतरी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. क्रूस लाल लुगड्याआड गेला. पास्कूनं गळ पाण्यात सोडला आणि तो खुंटाला अडकला. मग पास्कू होडीत बसून लहान पोरासारखा रडला.

आजही जाळं बांधायच्या दिवशी ज्युलियाना वाडीत बांबू धरून उभी असते. जे नेसत नाहीस ते लुगडं सारखं काय वाळत घालतेस, म्हणून शेजारणी खोदून खोदून विचारतात.

"दमट हाय," ती म्हणते.