मागच्या डाव्या चाकाचा राखणदार

मित्रांनो, एखाद्या गाडीच्या चाकाशी वाकून पाहिलंत, तर हवा भरायच्या तोंडावर एक काळं टोपण दिसेल. बहुतेक टोपणं मुकी असतात. धूळ अडवावी, गप्प बसावं, एवढंच त्यांचं काम. मी त्यांतलाच, पण मला बोलता येतं. करंगळीच्या पेराएवढा माझा जीव. पोटात नाण्यासारखी चपटी बॅटरी आणि चाकातली हवा किती हे ओळखणारा एक इवलासा कान. लोक मला सेन्सर म्हणतात. रत्नागिरीच्या अलीकडे डोंगरावर एक वाडी आहे. तिथल्या रावजींच्या पिकअप गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा मी राखणदार. आता माझा रंग उडाला आहे आणि कडाही झिजल्या आहेत. तरी सांगण्यासारखं एक आहे, म्हणून बोलतो.

कारखान्यात आम्ही चार भाऊ एकाच साच्यातून निघालो. चौघेही अगदी एकसारखे. आमच्यासोबत खोक्यात एक छोटा पडदा होता. तो गाडीत चालकासमोर बसतो. आम्ही चाकांवरून हवेचा आकडा कळवतो, तो दाखवतो. आकडा फार उतरला की तो टीं टीं ओरडतो. हे सुरू होण्याआधी आमची पडद्याशी ओळख करून द्यावी लागते. बारसंच म्हणा ना! हा पुढचा उजवा, हा पुढचा डावा, असं एकेकाचं नाव ठरतं. मात्र एक ध्यानात ठेवा. पडद्याला आम्ही दिसत नाही. त्याला फक्त आमची नावं माहीत. कोण कुठे बसलाय, ते त्याला कळत नाही.

आम्हांला आणलं ते रावजींच्या मुलीनं, तेजस्वीनं. रावजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"चाकाला एक लाथ हाणली की मला कळतं आत हवा किती ती. हे डबडं मला शिकवणार?"

"आबा, लाथ हाणून डॉक्टर ताप बघतो काय?" तेजस्वी म्हणाली. रावजी हसले आणि आम्ही चाकांवर चढलो.

पिकअपचं चाक सांभाळणं सोपं नसतं. गाडी रिकामी असेल तेव्हा मागची हवा कमी चालते. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी किंवा जांभ्याचे चिरे भरले की ती वाढवावी लागते. आणि हवा बदलली की पडद्यालाही नवी हद्द सांगावी लागते, की बाबा, आता याच्या खाली आकडा आला तर ओरड. रावजींना याचा कंटाळा. भरल्या गाडीची हद्द तशीच ठेवून ते रिकामी गाडी हाकत, पडदा बिचारा उगाच ओरडे, आणि मग त्याच्या तोंडावर गाडी पुसायचं फडकं पडे. किती दिवस आम्ही फडक्याखाली बोलत राहिलो, कुणास ठाऊक.

एकदा चिपळूणच्या वाटेवर फडकं घसरलं, म्हणून आमचं बोलणं रावजींच्या नजरेस पडलं. पुढच्या चाकात मोळा, चांगला जाड खिळा, रुतला होता. गाडी वेळीच थांबली. त्या दिवसापासून रावजींच्या पत्नी, मालनताई, रोजची पूजा आटोपली की देवाच्या परडीतलं एक फूल पडद्यापुढे आणून ठेवू लागल्या. फडकं गेलं आणि फूल आलं. फूल ठेवताना त्या चारही आकडे बघत आणि पुटपुटत, "बरे असा रे बाबांनो."

मालनताई हळू बोलणाऱ्या. नवरात्रात नऊ दिवस उपास आणि पायांत चप्पल नाही. त्यांच्या देव्हाऱ्यात कितीतरी देव आहेत. सगळ्यांना ताम्हनात घेऊन आंघोळ घालतात, पुसतात, आणि पुन्हा ज्याला त्याला आपापल्या जागी बसवतात. डोळे मिटूनसुद्धा त्यांचा देव कधी चुकायचा नाही.

आणि त्यांच्याच हातून आमची जागा चुकली.

गेल्या साली खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा होती. कोयता, विळा, पहार, गाडीचा जॅक असं सगळं पाटावर मांडलं होतं. मालनताईंना वाटलं, राखण करणारे हे चौघे धुळीत का राहावेत? त्यांनी आम्हांला चाकांवरून अलगद काढलं, ताम्हनात ठेवलं, चिंचेनं हलकेच घासलं, पुसून हळदकुंकू वाहिलं. आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर तेजस्वीनं बारीक अक्षरांत ज्याचं त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. त्या चिठ्ठ्या चिंचेच्या पाण्यात निघून गेल्या. आरती झाल्यावर मालनताईंनी आम्हांला भक्तिभावानं पुन्हा चाकांवर बसवलं.

पुढचे दोघे भाऊ नशिबानं आपापल्या जागी गेले. मागची मात्र अदलाबदल झाली. मी डाव्या चाकाचा, बसलो उजव्यावर. माझा भाऊ डाव्यावर. दोन्हीकडची हवा सारखीच होती, त्यामुळे पडद्यावर काहीच वेगळं दिसलं नाही. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? मला फक्त आकडा सांगता येतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. वाडीच्या देवीचं विसर्जन भाट्याच्या समुद्रात, आणि तेही दिवस मावळायच्या आत, असा जुना शिरस्ता. देवी न्यायचा मान रावजींच्या गाडीचा. पण त्या साली रावजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. स्टिअरिंगवर बसणार होती तेजस्वी.

वाडीचे मानकरी जानूकाका कुरकुरले. "बापूस खाटेवर, म्हणून देवी पोरीच्या हातात द्यायची?"

"काका, आंबे नेले तेव्हा चाललं. देवीला बाईचं वावडं हाय काय?" तेजस्वी म्हणाली.

मांडवातल्या बायका फिदकन हसल्या. जानूकाकांना ते लागलं. "जा घेऊन. पण वाटेत काय झालं ना, तर पुढल्या वर्सापासून तुमच्या घरचा मान संपला. सांगून ठेवतो."

तेजस्वीनं चाकांत हवा वाढवली, पडद्याला भरल्या गाडीची हद्द सांगितली. सगळं रीतसर. गाडी मागे घेत मांडवाच्या तोंडाशी लावली. मांडवाची पुढची बाजू सकाळीच सोडायला घेतली होती आणि खिळे मातीत विखुरले होते. त्यातला एक मी बसलो होतो त्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला शिरला. बाहेरून कुणाला दिसला नाही. मला मात्र तेव्हाच जाणवलं. हवा अगदी बारीक, सुईच्या धारेनं निघू लागली.

देवी गाडीत बसली. तिच्याभोवती वाडीतली पोरं दाटीवाटीनं बसली आणि गुलाल उडाला. केबिनमध्ये तेजस्वी, मधे मांडीवर ओटीचं ताट घेतलेल्या मालनताई, खिडकीशी जानूकाका. मागे फळीला धरून लवू उभा राहिला. वाडीतला सगळ्यात बडबड्या गडी तो.

गाडी निघाली. आकडा पन्नासाचा अठ्ठेचाळीस झाला. मग पंचेचाळीस. मी कळवत होतो. चाळीसच्या खाली येताच पडदा ओरडला, टीं टीं टीं! आणि त्यानं दाखवलं, मागचं डावं चाक.

माझं नाव तेच होतं ना!

तेजस्वीनं लगेच गाडी कडेला घेतली. उतरून डाव्या चाकाशी गेली, टोपण काढून दाबमापक लावला. पन्नास. पुन्हा लावला. पन्नासच. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"काय गो, तुझ्या डबड्याच्या अंगात आलं काय?" लवू वरून ओरडला. "नारळ दे त्याला एक!"

पोरं खिदळली. जानूकाकांनी खिडकीतून सूर्याकडे बोट दाखवलं. "दिवस थांबणार नाय तुझ्यासाठी. चल बाय."

तेजस्वी घाईघाईनं परत बसली. मागच्या उजव्या चाकाशी, माझ्याकडे, आली नाही. मित्रांनो, मी तिच्यापासून गाडीच्या रुंदीइतकाच लांब होतो. हाक मारायला तोंड असतं, तर घसा फुटेपर्यंत मारली असती.

गाडी पुन्हा चालू लागली. छत्तीस. चौतीस. पडदा ओरडतच होता. जानूकाकांनी हात पुढे करून त्याचा आवाज बंद केला. "देवीच्या वाटेवर ही कटकट नको."

आता पुढे उतार होता. आमच्या डोंगराचा तो उतार वाडीतली सगळी माणसं ओळखून आहेत. एका अंगाला जांभ्याची दरड, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि वळणामागून वळण. दरी उजव्या अंगाला. म्हणजे माझ्या अंगाला. त्या वळणांवर सगळा भार बाहेरच्या चाकावर झुकतो. हवा नसलेलं चाक तिथे फाटलं असतं, तर गाडीत देवी होती, पोरं होती, आणि माझ्याखाली नुसती पोकळी. टायर तापू लागला होता. त्याची ऊब माझ्या अंगापर्यंत येत होती. बत्तीस. तीस.

केबिनमध्ये मालनताईंची नजर पडद्यावर होती. रोज फूल ठेवताना त्या आकडे बघत आल्या होत्या, त्यांना ते ओळखीचे होते.

"तेजू," त्या हळूच म्हणाल्या, "आकडा उतरतोय गो अजून."

"आये, मापकात पन्नास दिसले मला. दोनदा बघितलं."

"असतील. पण हा खोटं बोलला नाय कधी."

"वहिनी, यंत्राचं काय घेऊन बसलात!" जानूकाका म्हणाले. "उतार लागला की थांबता यायचं नाय. चल तू."

पहिलं वळण समोर दिसायला लागलं. अठ्ठावीस. तेजस्वीचा पाय एकदा ब्रेकवर, एकदा ॲक्सिलरेटरवर. थांबावं, तर काकांच्या शब्दाप्रमाणे मान गेलाच. थांबू नये, तर...

तेवढ्यात मालनताईंनी तेजस्वीच्या दंडावर हात ठेवला.

"थांबव गाडी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यात असं काही होतं की तेजस्वीनं ब्रेकच दाबला. "काल पूजेला मी चौघांना काढलं होतं. ताम्हनात आंघोळ घातली. देव जागच्या जागी बसवते तसे बसवले. पण हे चौघे एका तोंडाचे गो! कोण कुठला, ते मला कळलं नाय. माझ्याच हातून उलटसुलट झालं असणार."

तेजस्वी दार उघडून धावली. मालनताई अनवाणीच तिच्यामागे, तापलेल्या डांबरावरून. उजव्या चाकाशी दोघी वाकल्या. आता मापकाची गरजच नव्हती. टायर दबून रस्त्यावर पसरला होता, एखाद्या दमलेल्या म्हशीसारखा.

जानूकाका उतरून आले. त्यांनी चाकाकडे बघितलं, मग पुढच्या वळणाकडे, मग मागे देवीच्या पायांशी बसलेल्या पोरांकडे. त्यांतली एक त्यांची नात होती. दोन्ही हात पुढे करून त्यांनी आधी नातीला खाली उतरवलं.

चाक बदलायचं, तर गाडी हलकी हवी. पण आमच्याकडे मांडवातून उठलेली देवी वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. मग काय करायचं? गाडीमागून मोटारसायकलवर येणारे गडी येऊन पोचले. जानूकाकांनी त्यांना हाक मारली, आणि सगळ्यांनी मिळून देवीचा पाट उचलून खांद्यावर घेतला. चाकांखाली दगड लागले. तेजस्वी जॅक फिरवू लागली. मालनताई तिला एकेक नट हातात देत होत्या, पूजेत एकेक फूल द्यावं तशा.

लवू खांदा बदलत कण्हला. "तेजू, आटप गो! देवी प्रसाद खाऊन जड झालीय."

"तूच म्हणालास ना, नारळ दे? मगाशी डबड्याला दिला असतास, तर तुझ्या खांद्यावर एवढा भार आला नसता!"

सगळे हसले. जानूकाकाही. पंक्चर झालेल्या चाकातून निघालेला खिळा तेजस्वीनं त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी तो ओळखला. मांडव त्यांनीच घातला होता. खिळा खिशात टाकून त्यांनी पुन्हा पाटाला खांदा दिला.

नवं चाक बसल्यावर तेजस्वीनं आम्हां दोघा भावांना हातात घेतलं. एकाला उजवीकडे लावलं, पडद्याकडे पाहिलं, नाव आणि आकडा जुळल्याची खात्री करून घेतली. मग मला. किती बरं वाटलं सांगू! मी माझ्या चाकावर परत आलो होतो. नव्या चाकातली हवा पुरेशी होती. तरी तिनं उताराआधी एकदा हातानं चारही चाकं तपासली.

भाट्याला पोचलो तेव्हा भरती चढत होती आणि सूर्य पाण्याला टेकायला अजून हातभर बाकी होता. देवी पाण्यात गेली. जानूकाकांनी आपट्याचं पहिलं पान रीतीप्रमाणे देवीच्या नावानं ठेवलं. दुसरं तेजस्वीच्या हातात दिलं. "पुढल्या वर्साला हवा दोन दिवस आधी बघ," एवढंच म्हणाले. मान कुणाकडे राहिला, ते तेवढ्यात सगळ्यांना कळलं.

मित्रांनो, त्यानंतर तेजस्वीनं कानशीनं आमच्या अंगावर खाचा पाडल्या, ज्याची त्याची ओळख म्हणून. यंदा खंडेनवमीला मालनताईंनी पुन्हा आमची पूजा केली. पण चौघांना एकदम काढलं नाही. एकाला काढायचं, न्हाऊ घालायचं, त्याच्या जागी बसवायचं, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा.

तुमच्याही घरात आमच्यासारखे कुणीतरी असतील, वेळेवर सावध करणारे. कधी ते यंत्र असेल, कधी हळू आवाजात बोलणारं माणूस. त्यांना पुसा, जपा, पण त्यांच्या जागेवरून हलवू नका. आणि ते सांगतात ते पटलं नाही, तरी त्यांच्या तोंडावर फडकं टाकू नका. एकदा वाकून दुसरी बाजूही बघा.

माझी बॅटरी आता मंदावत चालली आहे. पण मालनताईंनी यंदा मला हातात घेतलं, तेव्हा बोटानं खाच चाचपली आणि चष्मा वर सारून विचारलं, "तू कुठला रे, बाळा?"

मी आकड्याशिवाय काही बोलू शकत नाही. तरी त्यांनी मला बरोबर माझ्याच चाकावर बसवलं.